ग्रहणाचा अंधार आणि आपली माणसं



स्मरणिका समितीने आमच्याकडे लेख मागितला. विहार कसा उभा राहिला, कोणी विटा दिल्या, कोणी पत्रे आणले, हे जाणती मंडळी लिहितीलच. आम्ही म्हटलं, आम्हाला अंधारावर लिहू द्या. समितीतला एक तरुण म्हणाला, मग लाइट बिलावरच लिहा ना काका! सगळे हसले. पण विषय हसण्यावारी न्यायचा नाही. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला गावाने जी कामं दिली होती त्यांत मेलेली ढोरं ओढणं, सांगावे नेणं, वेशीवर राखण करणं ही कामं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याच जोडीला आणखी एक काम होतं. ते कोणत्या सरकारी कागदावर नव्हतं. गावाचा अंधार उचलायचा, हे ते काम.

ग्रहणापासून सुरुवात करू. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत वऱ्हाडात, मराठवाड्यात, पार देशावरसुद्धा ग्रहण लागलं की गल्लीगल्लीतून एक हाळी उठायची: "दे दान, सुटे गिऱ्हान!" ही हाळी देणारे कोण? महार आणि मांग. गावातली मंडळी घरात. पाण्याच्या भांड्यात दर्भ नाहीतर तुळशीचं पान टाकलेलं, शिजलेलं अन्न टाकून दिलेलं, गरोदर बाईला हलायची बंदी, हातात विळी घ्यायची बंदी. आणि दाराबाहेर आमची माणसं पदर पसरून, टोपलं धरून उभी. सुपातून जोंधळे यायचे, एखादं जुनेर, एखादा तांब्याचा पैसा. तेही वरून टाकायचं, हाताला हात लागायला नको.

हे दान आम्हालाच का? कुठे सांगत की राहू-केतू तुमच्याच जातीचे, तुम्हाला दिलं की ते सोडतात. कुठे सांगत की चंद्र-सूर्याने तुमचं कर्ज काढलेलं आहे, सावकार दारात आला म्हणून त्यांचं तोंड काळं पडतं, चार दाणे तुमच्या पदरात पडले की सुटका. बघा गंमत! चंद्र-सूर्याला कर्ज देणारा सावकार, आणि त्याच्या घरात दुसऱ्या दिवशीच्या भाकरीला पीठ नाही. आभाळ काळं पडलं की गावाला आमची गरज लागायची. आभाळ मोकळं झालं की आमची सावलीसुद्धा चालत नव्हती.

आमची एक आजी होती, नात्याने आईची मावशी. तिने लहानपणी हे दान मागितलं होतं. आम्ही एकदा तिला विचारलं, आजी, तुले भेव नाही वाटे का अंधारात? ती म्हणाली, "बापा, भेव त्याईले होतं. आपल्याले भूक होती." हे वाक्य आम्ही पुष्कळ पुस्तकं वाचली तरी विसरलो नाही.

आता प्रश्न असा, की ग्रहण म्हणजे काय हे या देशात कोणाला माहीतच नव्हतं का? माहीत होतं. चांगलं माहीत होतं. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते. राहू नाही, केतू नाही, सावली. पुढे इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपला मोठा ग्रंथ लिहिला. ग्रहणाचं गणित त्यालाही सावलीचंच करावं लागलं, दुसऱ्या रीतीने ते येतच नाही. पण राहूला नाकारणाऱ्यांना मात्र त्याने दोष दिला, कारण वेद-स्मृतीत आणि लोकांत राहू मानलेला आहे. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुनी नावाचा परदेशी पंडित आपल्या ग्रंथात याचं आश्चर्य करतो. एवढा मोठा गणिती जाणूनबुजून असं का बोलला असेल, असा त्याला प्रश्न पडतो. आम्हाला नाही पडत. गणित पोथीत राहिलं आणि राहू गल्लीत आला. गणित ज्याच्या हातात तो दिवस-घटका सांगणार, स्नान सांगणार, दक्षिणा घेणार. आणि राहू ज्याच्या गळ्यात बांधला तो हाळी देत हिंडणार. एकाच अंधाराची दोन टोकं, एक ओसरीवर आणि एक उकिरड्यावर.

आपल्या वऱ्हाडातलीच एक गोष्ट सांगतो. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याचा पट्टा कोकणातल्या विजयदुर्गापासून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडाकडे आला होता. धामणगाव आणि पुलगाव यांच्यामध्ये तळणी नावाचं एक लहानसं रेल्वे स्टेशन आहे. त्या तळणीला इंग्लंडहून ब्रिटिश खगोल संघटनेची मंडळी दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन उतरली. त्यांत एडवर्ड मॉन्डर होते आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी मॉन्डरही होत्या. सूर्य झाकला गेला ती जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात या बाईंनी सूर्याच्या तेजोवलयातून निघणाऱ्या एका फार लांब झोताचा फोटो घेतला, तो जगभरच्या अभ्यासकांत गाजला. एक बाई समुद्र ओलांडून त्या अंधाराकडे पाहायला आली. त्याच दुपारी त्याच पट्ट्यातल्या गावांमधून आपल्या आया-आज्या डोक्यावर टोपलं घेऊन दाणे मागत फिरल्या असणार, आणि गावच्या सुना दार लावून निजल्या असणार. आभाळ एक, अंधार एक. कोणी त्यातून काय काढलं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

ग्रहण वर्षातून एखाद-दुसरं. अवस मात्र दर महिन्याला. अवसेच्या रात्री उतारा निघायचा. भात, लिंबू, हळद-कुंकू, कोळसा, बिब्बा, कधी कोंबडीचं पिल्लू. आजारी माणसावरून ओवाळायचं आणि तिठ्यावर, नाहीतर गावकुसाबाहेर नेऊन ठेवायचं. गावकुसाबाहेर म्हणजे कुठे? आपल्या घरांपाशी! गावाने आपली पीडा उतरवायची ती नेमकी महारवाड्याच्या तोंडाशी. आणि पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा निघायचा, रेडा कापला जायचा, आणि तो बळी घेऊन रात्री शिव फिरायची ती आपल्याच माणसांनी, कुठे मांगांनी. पुढच्या गावाची माणसं काठ्या घेऊन आपल्या शिवेवर उभी, की पीडा इकडे टाकाल तर याद राखा. अलेक्झांडर रॉबर्टसन या मिशनऱ्याचं महारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली निघालं, त्यातही मरीआईच्या भक्तीचं वर्णन आलेलं आहे. पटकीचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८४ साली जगापुढे मांडले होते. रोग पाण्यातून येतो हे कळून पन्नास वर्षं झाली तरी रेडे कापले जात होते, आणि आपल्याला त्याच ओढ्याचं खालच्या अंगाचं पाणी प्यावं लागत होतं.

रात्र आपल्याच वाट्याला का आली, याचं एक उत्तर बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात दिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की टोळ्यांच्या लढायांत मोडलेली, विखुरलेली माणसं गावाबाहेर वसवली गेली, त्यांनी गावाची राखण करायची आणि बदल्यात निवारा घ्यायचा. ही माणसं बौद्ध होती, त्यांनी ब्राह्मणाला मान दिला नाही, म्हणून पुढे त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली. वऱ्हाडात 'जागल्या' हा शब्द अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. जो जागतो तो जागल्या. गाव निजायचं, आम्ही जागायचो. मग रात्री जे जे काही असतं म्हणतात, भूत, हडळ, मुंजा, ते सगळं आमच्याशीच जोडलं गेलं यात नवल काय?

आता अंधार राबतो कसा ते पाहू. कौटिल्याचं म्हणून जे अर्थशास्त्र सांगतात ते १९०९ साली म्हैसूरच्या शामशास्त्रींनी छापून बाहेर आणलं. त्याच्या पाचव्या अधिकरणात खजिना रिकामा झाला तर राजाने काय करावं ते दिलं आहे. रातोरात एखादं देवस्थान उभं करावं, देव आपोआप प्रगटला अशी आवई उठवावी, जत्रा भरवावी आणि त्या उत्पन्नातून खजिना भरावा. दुसरा उपाय तर याच्याही वर आहे. झाडावर राक्षस बसला आहे, तो माणसाचा बळी मागतो आहे, अशी भीती आपल्याच हेरांकरवी घालावी. मग साधूच्या वेषातल्या आपल्याच हेरांनी लोकांकडून पैसे घेऊन तो राक्षस घालवावा. वाचताना आम्हाला वाटलं, हा तर आपल्या तालुक्यातल्या भगताचाच धंदा, फक्त राजाच्या शिक्क्याने! तेराव्या अधिकरणात शत्रूला घाबरवायला रात्री पाण्यातून देव आणि नाग कसे दाखवावेत ते आहे. चौदाव्यात अंधारात दिसावं म्हणून रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांपासून अंजन करायच्या कृती आहेत. आमचा राग अर्थशास्त्रावर नाही, उलट आभार आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला अंधारात काही नसतं हे पक्कं माहीत होतं, हे त्यानेच लिहून दिलं.

भगताला अवसच का लागते? गुप्तधनवाल्याला मध्यरात्रच का लागते? उजेडात फॉस्फरस चमकत नाही. उजेडात सुरीला चोळलेली जास्वंद दिसते, मग लिंबातून रक्त निघत नाही, नुसता लाल रस निघतो. अंधारात डोळ्याला सरावायला अर्धा तास लागतो, तोवर माणूस आंधळ्यासारखाच असतो. एकाच ठिणगीकडे टक लावून पाहिलं की ती हललेली दिसते, आणि कान दुप्पट ऐकतात. सूतगिरणीत रात्रपाळी केलेल्यांना हे सांगायला नको. रिंग फ्रेम चालू असते तोवर माणसाला भुताची आठवण होत नाही, आवाजच एवढा. पण लाइट गेली, सगळं खातं एकदम गप्प झालं, की ब्लो रूमच्या बाजूला कोणीतरी चालतंय असं चाळीस माणसांपैकी दहांना हमखास वाटतं. त्यातला एक बोलला की चाळीसांनाही वाटतं. आमच्या जॉबरने यावर एकच उपाय ठेवला होता, मोठी बॅटरी. बॅटरी मारली की पत्र्याखाली हलणारं रिकामं पोतं दिसायचं.

देवळाचा गाभाराही अंधारा असतो, तो उगीच नाही. आपल्या जिल्ह्यात लोणारचं दैत्यसूदन मंदिर पाहा. कोरीवकाम पाहून माणूस थक्क होतो, पण आत शिरत जाल तसा उजेड कमी होत जातो आणि गाभाऱ्यात काळोख. लोणारची कथासुद्धा अंधाराचीच: लवणासुर जमिनीखाली लपला होता, विष्णूने त्याला मारला, त्याचा तो खड्डा. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा हा खड्डा आभाळातून पडलेल्या अशनीने झाला. असो. गाभाऱ्याबद्दल बोलत होतो. जितकं आत तितकं पवित्र, जितकं पवित्र तितकं अंधारं, आणि जितकं अंधारं तितकी आत जाणारी माणसं कमी. शेवटी एकटा पुजारी. आपण तर पायरीच्याही बाहेर. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते. २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दाराआड काय होतं हे पाहायचीही आपल्याला परवानगी नव्हती.

याच्या उलट अजिंठ्याला जा. अजिंठ्याचा डोंगर आपल्या बुलढाण्यापर्यंत येतो, लेणी मात्र पलीकडच्या जिल्ह्यात. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीत दिसली ती दहा नंबरची चैत्यगुंफा. तिच्या तोंडाशी केवढी मोठी कमान! डोंगराच्या पोटात एवढं खोल खोदलं, पण उजेड थेट स्तूपापर्यंत पोचावा अशी सोय केली. दारात उभ्या राहिलेल्या कोणालाही स्तूप दिसतो. मधे पडदा नाही, पुजारी नाही. खरं सांगायचं तर तिथल्याच नंतरच्या विहारांत, एक नंबरला किंवा सतराला, बुद्धाची मूर्ती पुन्हा मागच्या अंधाऱ्या खोलीत गेलेली आहे. पुढे वज्रयानात स्मशान आलं, रात्रीचे मंत्र-तंत्र आले. तिबेटात तर काही साधक ४९ दिवस बंद काळोख्या खोलीत ध्यान करतात. तो त्यांचा प्रश्न. पण आपल्याकडे असं काही नव्हतंच, असं छातीठोक सांगणारे वक्ते आम्हाला आवडत नाहीत. इतिहास आपल्या सोयीचा तेवढाच सांगायचा असेल तर पुराणिक काय वाईट होते?

भगवान बुद्ध स्वतः अंधाराशी कसे वागले, हे मज्झिम निकायात चौथ्याच सुत्तात आहे, भयभेरव सुत्त. श्रावस्तीला जेतवनात जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण विचारतो की अरण्यात एकटं राहणं किती कठीण, मन घाबरून जात नाही का? तेव्हा बुद्ध ज्ञानप्राप्तीच्या आधीची आपली हकिगत सांगतात. त्यांनी मुद्दाम ठरवलं की पंधरवड्याच्या ज्या रात्री लोकांत भीतीच्या म्हणून ठरलेल्या आहेत, चतुर्दशी, पंधरावी आणि अष्टमी, नेमक्या त्याच रात्री, लोक ज्यांना भितात त्याच जागी जायचं. उद्यानातले, वनातले चैत्य, झाडाखालची ठाणी. जायचं आणि भीती म्हणजे काय ते पाहायचं. रात्री एखादं हरीण यायचं, मोर काटकी मोडायचा, वारा पाचोळा हलवायचा. भीती यायची. मग ते काय करत? चालत असताना भीती आली तर चालतच राहायचे, उभे असताना आली तर उभेच, बसलेले असले तर उठायचे नाहीत. भीती मोडेपर्यंत आसन बदलायचं नाही. उतारा नाही, अंगारा नाही, धागा नाही. त्याच सुत्तात ते म्हणतात की काही श्रमण-ब्राह्मण रात्रीला दिवस समजतात आणि दिवसाला रात्र. आपण मात्र रात्रीला रात्रच समजतो आणि दिवसाला दिवस. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या मते सगळं शहाणपण यात आलं. रात्र आहे? मग रात्र आहे. तिच्यात आणखी काही नाही.

आणि त्याच अवसेचं पुढे काय केलं पाहा. महावग्गात गोष्ट आहे: मगधाचा राजा बिंबिसार सुचवतो की इतर पंथांचे लोक चौदाव्या, पंधराव्या आणि आठव्या दिवशी जमतात, लोकांशी धर्माचं बोलतात, तसं आपल्या संघानेही जमावं. बुद्धांनी ते मानलं. अवस-पौर्णिमेला भिक्खू एकत्र बसून विनयाचे नियम म्हणू लागले, आपापले दोष सगळ्यांसमोर सांगू लागले. ज्या रात्री लोक दारं लावत त्या रात्री संघाने दार उघडलं. पुढे सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या २६ व्या वर्षी स्तंभलेख कोरला, त्यात चतुर्दशी, पंधरावी आणि उपोसथाच्या दिवशी मासेसुद्धा मारू नयेत, विकू नयेत असं फर्मान आहे. बळीची तिथी होती ती जीवदानाची झाली. आपल्यातले कित्येक जण पौर्णिमेला विहारात येतात आणि अवसेला घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी हे दोनदा वाचावं.

दीघ निकायात भुताची विद्या, सापाची विद्या, रक्ताचे होम, अंग फुरफुरण्यावरून भविष्य आणि ग्रहणाचं भाकीत करून पोट भरणं, या सगळ्याला हलक्या विद्या म्हटलेलं आहे आणि भिक्खूला त्या वर्ज्य आहेत. कोणी म्हणेल, त्रिपिटकात राहू आहे की! आहे. संयुत्त निकायात दोन लहान सुत्तं आहेत, राहू चंद्राला धरतो, सूर्याला धरतो, ते बुद्धाला शरण येतात आणि राहू त्यांना सोडून देतो. त्या काळच्या लोकांची भाषा ती. पण एक बघा, तिथे राहूला जोंधळे द्यावे लागत नाहीत आणि कोणाच्या गल्लीत कोणाला हाळी द्यावी लागत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या जिल्ह्यातूनही माणसं गेली, कोणी रेल्वेने, कोणी पायी अकोल्यापर्यंत जाऊन. परत आल्यावर गावोगाव मरीआईचे गाडे थांबले, ग्रहणाची हाळी थांबली. ही लहान गोष्ट नव्हती. गावाने धान्य बंद केलं, कुठे कुठे रोजगार बंद केला. गाव म्हणे, आता ग्रहण कोण सोडवणार? आपली माणसं म्हणाली, ते आपलं आपण सुटतं. आणि सुटलंही! लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की हाळी न देता चंद्र जसाच्या तसा बाहेर आला. वऱ्हाडच्या इतिहासात याहून मोठा प्रयोग कोणत्या प्रयोगशाळेत झाला असेल असं आम्हाला वाटत नाही.

पण अंधाराचा धंदा संपला नाही. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गुप्तधनापायी एकामागून एक खून झाले, त्यात बहुतेक लहान मुली आणि बायका होत्या. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे झोपडीला आग लागली आणि दर्ग्यापाशी उपचारासाठी आणून साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी आहे. होळीला तिथे लाखो माणसं येतात, सगळ्या धर्मांची, आपल्यातलीही. अंगावरचे कपडे, नारळ, लिंबं, काळ्या बाहुल्या त्या होळीत पडतात. बाबांवर ज्याची श्रद्धा असेल त्याची असो, त्यावर आम्ही बोलत नाही. आम्ही बोलतो ते त्या पोरीबद्दल, जिला घरचे लोक 'बाहेरचं लागलंय' म्हणून आणतात, आणि जिला खरं तर मनाच्या डॉक्टरची गोळी पाहिजे असते. त्या गर्दीत हातपाय आपटणाऱ्यांत बाया किती आणि पुरुष किती ते एकदा मोजा. सासरच्या घरात जिला दिवसा तोंड उघडता येत नाही ती रात्री अंगात आणून बोलते. तिचं ऐकायला अंधार लागतो आपल्याला!

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, हे सगळं आता गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळी घालणंच बंद केलं. आपल्या वस्तीतल्या किती घरांना हे कायदे माहीत आहेत? आणि किती घरांच्या चौकटीला शनिवारी लिंबू-मिरची टांगलेली आहे, भिंतीवर आत बाबासाहेबांचा फोटो असताना? नव्या मोटारसायकलला काळी दोरी, लेकराच्या पायात काळा धागा, स्लॅबवर काळी बाहुली. विचारलं की म्हणतात, सगळेच बांधतात, काय बिघडतं! बिघडत काही नाही. पण ज्यांच्या आजीने हा अंधार टोपल्यात घालून गावभर वाहिला, त्यांनी तो पैसे देऊन बाजारातून परत आणावा, याचं आम्हाला वाईट वाटतं.

७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण होतं. आमच्या शेजारची सून सातव्या महिन्यात होती. तिची सासू चार दिवस आधीपासून तिला बजावत होती, की त्या रात्री उताणी निजायचं, हात हलवायचा नाही, नाहीतर लेकराचा ओठ फाटतो. आम्ही आणि दोन-तीन पोरांनी विहाराच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, एका शिक्षकांकडून लहान दुर्बीण आणली आणि वस्तीला निरोप दिला. सासू म्हणाली, "तुमचं पुस्तकातलं तुमच्यापाशी ठेवा, भाऊ. काही झालं तर तुम्ही भरून देणार काय?" प्रश्न खोटा नव्हता. आम्ही वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "वहिनी, तुमच्या सासूबाई ग्रहणात कुठे असत?" ती थोडा वेळ गप्प बसली. तिची सासू गावात दान मागत फिरलेली, आणि तिच्याच सांगण्याप्रमाणे हा मुलगा पोटात असताना फिरलेली.

दहाला दोन मिनिटं कमी असताना चंद्राची कड काळी पडू लागली. मधून मधून ढग येत होते. अकरानंतर सगळा चंद्र तांब्याच्या जुन्या पैशासारखा झाला. पोरं ओरडली. कोणीतरी विचारलं, काळा व्हायचा तर लाल काहून झाला? शिक्षकांनी समजावलं, की पृथ्वीच्या कडेने हवेतून वळून जो उजेड जातो त्यातला तांबडा तेवढा चंद्रावर पोचतो. जगातल्या सगळ्या सूर्योदयांचा आणि सूर्यास्तांचा उजेड एका वेळी तिथे पडलेला असतो. साडेअकराच्या सुमारास सून आली. मागून सासूही आली, दूर पायरीवर बसली. सुनेने दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. बारा बावीसला एका कडेने पांढरं फुटलं आणि लोक घरी जाऊ लागले. सून मात्र पुरा चंद्र सुटेपर्यंत, दीड वाजेपर्यंत बसून राहिली. हवेत गारवा आला होता. सासू पायरीवरून उठली आणि आपल्या अंगावरची चादर तिच्या खांद्यावर टाकून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली.